इंटरनेटचे तास चोरणारा विद्यार्थी : मनिला, मे २०००

'लव्ह बग' या नावाने जगभर कुप्रसिद्ध झालेल्या संगणकीय विषाणूची हकिकत एरवी संगणक-सुरक्षेच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते आणि तिथे सगळा भर विषाणूवरच असतो. प्रस्तुत लेखात तेच प्रकरण दुसऱ्या बाजूने तपासायचे आहे. मनिलातील एका खासगी संगणक महाविद्यालयात शिकणाऱ्या सुमारे २४ वर्षांच्या ओनेल दे गुझमान या तरुणाला इंटरनेट हवे होते, ते त्याला परवडत नव्हते, आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांच्या खात्यातून ते परस्पर घेण्यात काही वावगे आहे असे त्याला वाटत नव्हते. ही इच्छा त्याने लपवूनही ठेवली नव्हती. प्रबंधाच्या प्रस्तावात रीतसर लिहून त्याने ती महाविद्यालयापुढे ठेवली होती. प्रस्ताव फेटाळला गेला आणि पुढच्या काही महिन्यांतच ब्रिटनच्या संसदेपासून अमेरिकेच्या संरक्षण खात्यापर्यंत सर्वांना आपली ई-मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. फेटाळलेला प्रस्ताव आणि बंद पडलेली यंत्रणा यांच्यामध्ये नेमके काय घडले, आणि घडल्यानंतर त्या तरुणावर कोणताही खटला का उभा राहू शकला नाही, हा या अभ्यासाचा विषय आहे.

स्थळ आणि काळ

फिलिपिन्स इंटरनेटशी पहिल्यांदा जोडला गेला तो २९ मार्च १९९४ रोजी, सेकंदाला अवघ्या ६४ किलोबिट क्षमतेच्या जोडणीवरून. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी ही सेवा खुली केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे दोन्ही देश साधारण एकाच सुमारास या रांगेत येऊन उभे राहिले. त्याआधी फिलिपिन्समध्ये साधा टेलिफोन मिळणे हेच मोठे दिव्य होते. त्या देशातील ९८ टक्के लोक टेलिफोनची वाट पाहत आहेत आणि उरलेले २ टक्के डायल टोनची, असा एक बोचरा विनोद सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू यांच्या नावावर सांगितला जातो. १९९३ साली सरकारने या क्षेत्रातील मक्तेदारी मोडल्यावर परिस्थिती सुधारली खरी, परंतु शतक संपताना सामान्य घरातील तरुणाच्या हाती आला तो मोबाइल. प्रीपेड कार्ड आणि एका पेसोत जाणारा लघुसंदेश यांच्या जोरावर फिलिपिन्सला जगाची 'टेक्स्टिंग राजधानी' म्हटले जाऊ लागले. इंटरनेट मात्र अजून दूरध्वनीच्या तारेवर, मोडेमच्या खरखरीतून आणि तासांच्या हिशेबाने मिळत असे.

हा हिशेब नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. सेवा पुरवणारी कंपनी ग्राहकाला एक खातेनाव आणि एक परवलीचा शब्द देत असे. त्या दोहोंच्या आधारे कोणत्याही टेलिफोनवरून कंपनीचा क्रमांक फिरवला की जोडणी मिळे आणि वापरलेला वेळ त्या खात्यावर लागे. फोन कोण लावतो आहे, याची पर्वा यंत्रणेला नव्हती. परवलीचा शब्द ज्याला ठाऊक, तो मालक. मनिलातील खात्याचा उपयोग मात्र मनिलातच होता, कारण दुसऱ्या शहरातून तोच क्रमांक फिरवायचा तर लांब पल्ल्याच्या कॉलचा खर्च अंगावर येई. तेव्हा ही चोरी मुळातच गावकीतली चोरी होती, शेजाऱ्याच्या नळाला आपली नळी लावण्यासारखी.

आपल्याकडेही हे घडत होतेच. दिल्लीत त्याच २००० साली एका लष्करी अधिकाऱ्याच्या खात्यातील इंटरनेटचे तास तिसऱ्याच माणसाने वापरल्याचे प्रकरण गाजले होते. माहिती तंत्रज्ञान कायदा तेव्हा अस्तित्वात नसल्याने पोलिसांनी भारतीय दंड संहितेतील चोरीचे कलम आणि जुना तार कायदा यांचा आधार घेतला. तास ही वस्तू आहे की नाही, ती खिशात घालून नेता येते की नाही, हा प्रश्न दोन्ही देशांच्या कायद्यांपुढे एकाच वर्षी उभा राहिला, हे या प्रकरणाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

प्रस्ताव

ओनेल दे गुझमान हा मनिला महानगरातील मकाती येथील एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या घरी संगणक होता. यंत्र हाताशी होते आणि जोडणी नव्हती, ही त्या काळच्या निम्न-मध्यमवर्गीय घरांतली नेहमीची स्थिती होती. किंबहुना संगणक घेताना घरच्यांनी केलेली ओढाताण आणि त्यानंतर त्याच संगणकासमोर जोडणीविना बसून राहणे, यांतून येणारी चडफड मराठी वाचकालाही अपरिचित नसावी.

२००० सालच्या सुरुवातीला त्याने पदवीसाठी जो प्रस्ताव सादर केला, त्याचा विषय होता दुसऱ्याच्या संगणकातील परवलीचे शब्द हुडकून ई-मेलने आपल्याकडे पाठवणारा प्रोग्राम. उद्दिष्टात कोणतीही लपवाछपवी नव्हती. असे शब्द मिळाले तर लोकांना, विशेषतः ज्यांना इंटरनेट परवडत नाही त्यांना, पैसे न मोजता अधिक वेळ इंटरनेट वापरता येईल, अशा अर्थाचे समर्थन त्यात होते. परीक्षकांनी कागदाच्या समासात जे शेरे मारले, ते पुढे वृत्तपत्रांतून जगभर पोहोचले : हे बेकायदा आहे, आणि आम्ही चोर घडवत नाही.

शेरे योग्यच होते. तरीही एक गोष्ट खटकते. प्रस्ताव फेटाळला आणि विषय मिटला, असे महाविद्यालयाने गृहीत धरलेले दिसते. ज्या विद्यार्थ्याने 'हे मला करता येते' असे लेखी सांगितले आहे, त्याला 'हे करू नकोस' म्हटल्यावर त्याला ते करता येते हे विसरले जाते काय? प्रकल्प मार्गदर्शक म्हणून काम केलेल्या कोणालाही ठाऊक असेल की, नाकारलेला विषय विद्यार्थ्याच्या डोक्यातून जात नाही, तो फक्त वहीतून जातो. शिवाय या विद्यार्थ्याचा संबंध 'ग्रामरसॉफ्ट' नावाच्या एका गटाशी होता, आणि हा गट इतर विद्यार्थ्यांना तयार प्रबंध व प्रोग्राम करून विकतो, असे महाविद्यालयाकडूनच पुढे सांगण्यात आले. तयार प्रोजेक्ट विकण्याचा धंदा आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसपासही चालतो, त्यामुळे यात नवल वाटण्याचे कारण नाही. कौशल्याला बाजार होता, फक्त पदवीच्या चौकटीत त्याला जागा नव्हती.

फिलिपिनो भाषेत 'दिस्कार्ते' असा एक शब्द आहे. साधने अपुरी असताना अंगच्या हुशारीने वाट काढणे, असा त्याचा अर्थ असून त्याला कौतुकाची छटा आहे. आपल्याकडे 'खटपटी' माणसाचे कौतुक होते आणि 'लटपटी' माणसाकडे संशयाने पाहिले जाते. दिस्कार्तेच्या पोटात हे दोघेही सुखाने नांदतात. दे गुझमानचा प्रस्ताव म्हणजे दिस्कार्तेला शास्त्रीय पोशाख चढवण्याचा प्रयत्न होता.

४ मे

सुमारे वीस वर्षांनी दिलेल्या कबुलीत त्याने जो क्रम सांगितला तो असा. प्रोग्रामची आधीची आवृत्ती तो गप्पांच्या खोल्यांमधून, म्हणजे चॅट रूममधून, एकेकाला गाठून पाठवत असे, आणि ती मनिलातील लोकांनाच पाठवत असे, कारण उपयोग त्यांच्याच खात्यांचा होता. २००० च्या मे महिन्यात त्याने तीत दोन बदल केले. पहिला, प्रोग्राम ज्या संगणकात शिरेल तेथील आउटलुक या ई-मेल प्रोग्रामच्या नोंदवहीतील सर्व पत्त्यांवर स्वतःच्या प्रती आपोआप धाडील. दुसरा, मनिलापुरते राहण्याचे बंधन काढून टाकले. मग त्याने ती सिंगापूरमधील एका व्यक्तीला पाठवली आणि एका मित्राबरोबर दारू प्यायला तो बाहेर पडला.

संदेशाचा विषय 'आय लव्ह यू' आणि सोबतची फाइल 'लव्ह-लेटर-फॉर-यू'. फाइलच्या नावाअखेर 'टीएक्सटी' आणि त्यानंतर 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती. विंडोज प्रणाली ओळखीच्या फायलींचे शेवटचे शेपूट आपणहून झाकत असल्याने वाचणाऱ्याला ती साधी मजकुराची फाइल भासे. प्रत्यक्षात ती व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आज्ञावली होती आणि दोनदा टिचकी मारताच ती कामाला लागे. पत्र येई ओळखीच्याच माणसाकडून, त्याच्या खऱ्या पत्त्यावरून. साहेबाने किंवा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे लिहिलेले पाहून ते न उघडण्याइतका संयम फार थोड्यांकडे होता. लोकांना प्रेम हवे असते म्हणून हे नाव दिले, असे त्याने नंतर सांगितले. संगणकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे निरीक्षण अधिक कामाला आले.

४ मे २००० रोजी, गुरुवारी, आशियात कार्यालये उघडली तेव्हा प्रसार सुरू झाला, आणि जसजसा दिवस पश्चिमेकडे सरकला तसतसा तो युरोपात व मग अमेरिकेत पोहोचला. काही दिवसांत बाधित संगणकांची संख्या कोटींच्या घरात मोजली जाऊ लागली. नुकसानीचे आकडे अब्जावधी डॉलरचे दिले गेले. अशा आकड्यांत कर्मचाऱ्यांचे वाया गेलेले तास गृहीत धरून गुणाकार केलेला असतो, म्हणून त्यांवर फार विसंबू नये, पण घबराट खरी होती आणि हानीही खरी होती. हा प्रोग्राम संगणकातील छायाचित्रांच्या आणि इतर काही प्रकारच्या फायलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करीत असे. गाण्यांच्या एमपी-थ्री फायली मात्र तो पुसत नसे, नुसत्या दडवून ठेवी. विशीतल्या मुलाची आवडनिवड इथे डोकावते, असे म्हणण्याचा मोह होतो.

चोरीचा भाग वेगळाच होता. परवलीचे शब्द चोरणारा प्रोग्राम या पत्रात नव्हता. पत्र उघडल्यावर संगणकाचा ब्राउझर मनिलातील स्काय इंटरनेट या कंपनीच्या संगणकावर ठेवलेल्या चार पानांपैकी एकाकडे वळवला जाई आणि तेथून तो चोरीचा प्रोग्राम उतरवून घेतला जाई. तक्रारी येऊ लागताच कंपनीने ती पाने काढून टाकली. याचा अर्थ असा की, ज्यासाठी सारा खटाटोप होता ती चोरी पहिल्याच दिवशी थंडावली आणि जगभर पसरत राहिले ते केवळ तिचे वाहन.

या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बदल, मनिलाचे बंधन काढण्याचा. फ्रँकफुर्टमधील एखाद्या बँकेच्या कारकुनाचा परवलीचा शब्द मनिलातील मुलाच्या काय कामाचा? त्याला फुकट तास हवे होते, तर ते मनिलातच मिळणार होते. जगभर पसरण्याने त्यात एका मिनिटाचीही भर पडणार नव्हती, उलट पकडले जाण्याचा धोका वाढणार होता. छायाचित्रे नष्ट करण्यानेही इंटरनेटचा एकही तास मिळत नव्हता. तेव्हा 'इंटरनेट हा सर्वांचा हक्क आहे' हे त्याचे समर्थन आधीच्या, मनिलापुरत्या आवृत्तीला कदाचित लागू पडेल. मे महिन्यातील आवृत्तीला ते लागू पडत नाही. गरज शहराच्या वेशीपाशी संपली होती आणि तिथून पुढे निघाली ती हौस, आपण लिहिलेले कुठवर जाते ते पाहण्याची. त्याच्याविषयी सहानुभूतीने लिहिणारे हा सांधा सहसा गिळून टाकतात, आणि त्याला निव्वळ गुन्हेगार ठरवणारे पहिला टप्पा गिळतात.

तपास

आज्ञावलीच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्याने टोपणनाव, गटाचे नाव आणि 'मनिला, फिलिपिन्स' असे लिहून ठेवले होते, शाळेत जाण्याचा कंटाळा येतो अशी तक्रारही मोडक्यातोडक्या इंग्रजीत नोंदवली होती. स्काय इंटरनेटच्या नोंदींवरून तपास मनिलाच्या पांदाकान भागातील एका घराच्या टेलिफोनपर्यंत पोहोचला. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय तपास विभागाला झडतीचे वॉरंट मिळवतानाच अडचण आली, कारण कोणत्या गुन्ह्यासाठी झडती घ्यायची हे सांगता येईना. अखेर ८ मे रोजी छापा पडला आणि दे गुझमानच्या बहिणीबरोबर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या तरुणाला ताब्यात घेण्यात आले. पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावे लागले.

संगणक तिथे नव्हताच. पोलीस कोणाच्या तरी मागावर आहेत हे कानी येताच आईने तो लपवला होता, असे दे गुझमानने पुढे सांगितले. डिस्क मात्र तशाच राहिल्या आणि त्यांतून माग लागला. लेकराला वाचवताना आईला पडद्याचा डबा महत्त्वाचा वाटला आणि चकत्या क्षुल्लक वाटल्या. त्या वर्षी जगातील बहुतेक घरांत संगणकाविषयीची समज एवढीच होती.

११ मे रोजी दे गुझमान पत्रकारांपुढे आला, काळा चष्मा लावून आणि चेहऱ्यावर रुमाल धरून. हा विषाणू तुझ्या हातून चुकून सुटला असेल काय, असे विचारल्यावर, तसे असू शकेल, इतकेच उत्तर मिळाले.

कायद्याची रिकामी जागा

त्या दिवशी फिलिपिन्समध्ये संगणकीय विषाणू सोडणे हा गुन्हा नव्हता. सरकारी वकिलांनी १९९८ च्या 'ॲक्सेस डिव्हाइसेस' नियमन कायद्याचा, म्हणजे प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८४८४ चा, आधार घेऊन पाहिला. तो क्रेडिट कार्डांच्या गैरव्यवहारासाठी केलेला कायदा होता. परवलीचा शब्द हेही कार्डासारखेच प्रवेशाचे साधन आहे, असा युक्तिवाद होता. जोडीला चोरी आणि खोडसाळ नुकसानीचे आरोप ठेवण्यात आले. ऑगस्ट २००० मध्ये न्याय खात्याने ते सारे रद्द केले : कार्डांचा कायदा इथे लागू होत नाही, आणि मुद्दाम नुकसान करण्याचा हेतू सिद्ध होत नाही.

दरम्यान संसदेने इलेक्ट्रॉनिक व्यापार कायदा घाईने मार्गी लावला आणि राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांनी १४ जून २००० रोजी त्यावर सही केली. विषाणू सोडणाऱ्याला किमान एक लाख पेसो दंड आणि ६ महिने ते ३ वर्षे कैद, अशी तरतूद त्याच्या ३३ व्या कलमात आहे. परंतु कृत्य ४ मेचे आणि कायदा १४ जूनचा. कृत्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, हे तत्त्व फिलिपिन्सच्या राज्यघटनेत आहे, तसेच ते भारतीय संविधानाच्या २० व्या अनुच्छेदातही आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ९ जून २००० रोजी आणि तो अमलात आला १७ ऑक्टोबरला. हाच प्रकार पुण्यातील एखाद्या मुलाने त्याच मे महिन्यात केला असता, तर आपल्या पोलिसांनाही जुन्या दंड संहितेची पाने उलटत बसावे लागले असते.

अमेरिकेला आरोपी हवा होता, पण प्रत्यार्पणासाठी कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. तुलनेसाठी, मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' विषाणू सोडणाऱ्या अमेरिकी नागरिकाला २००२ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. मेलिसामुळे झालेले नुकसान लव्ह बगपेक्षा कमी होते. फरक पडला तो कायद्याच्या तारखेमुळे आणि पासपोर्टच्या रंगामुळे.

तासांची चोरी ही चोरी आहे काय, याचे उत्तर फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्याच खटल्यात, जानेवारी २००९ मध्ये दिले. दूरध्वनी कंपनीची सेवा परवानगीविना वापरणे हा चोरीचा विषय होऊ शकतो, असा निर्णय पूर्ण पीठाने दिला, आणि तोही स्वतःच्याच एका विभागाने २००६ मध्ये दिलेला उलट निर्णय फिरवून. म्हणजे नामवंत न्यायमूर्तींनाही ज्या प्रश्नावर मत बदलावे लागले, त्याचे उत्तर एका विद्यार्थ्याने २००० साली आपल्या सोयीने देऊन टाकले होते.

इच्छेचे पुढे काय झाले

दे गुझमानची मागणी मात्र मार्गभ्रष्ट ठरली नाही, ती हळूहळू सर्वमान्य झाली. २००१ च्या जानेवारीत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर लघुसंदेशांवरून लोक जमले आणि ज्या एस्त्रादांनी तो कायदा सहीशिक्क्यानिशी दिला होता त्यांनाच पायउतार व्हावे लागले. तोपर्यंत स्वस्त जोडणीची ताकद सर्वांच्या लक्षात आली होती. लोकांची थोडे थोडे, सुटे विकत घेण्याची सवय, जिला तिथे 'तिंगी' म्हणतात, हेरून मोबाइल कंपन्यांनी काही पेसोंचे रिचार्ज विकायला काढले. गल्लोगल्ली 'पिसोनेट' उभे राहिले : लाकडी पेटीत बसवलेला संगणक, खाचेत एक पेसो टाका आणि काही मिनिटे वापरा. आणि २०१३ पासून एका मोबाइल कंपनीने फेसबुकपुरते इंटरनेट फुकट द्यायला सुरुवात केली. भारतात अशाच योजनेला दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मनाई केली, एका संकेतस्थळाला फुकट आणि बाकीच्यांना दाम हा भेदभाव आहे या कारणाने. फिलिपिन्सने अशी योजना स्वीकारली, आणि तेथील असंख्य तरुणांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट झाले.

२ ऑगस्ट २०१७ रोजी सार्वजनिक ठिकाणी मोफत इंटरनेट देण्याचा कायदा, क्रमांक १०९२९, मंजूर झाला. चौक, शाळा, इस्पितळे, बसस्थानके येथे सरकारने पैसे न घेता जोडणी द्यावी, असे तो सांगतो. ज्याला परवडत नाही त्यालाही इंटरनेट मिळाले पाहिजे, हे वाक्य एका नाकारलेल्या प्रबंधातून निघून राजपत्रात पोहोचायला सतरा वर्षे लागली. अर्थात राजपत्राने त्यासाठी शेजाऱ्याचा परवलीचा शब्द सुचवलेला नाही.

दे गुझमानने शिक्षण पूर्ण केले नाही. काही काळ अंग चोरून राहिल्यावर तो मोबाइल दुरुस्तीच्या कामात शिरला. ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइट यांनी त्याला मनिलातील एका बाजार-संकुलात गाठले तेव्हा तो एका छोट्याशा गाळ्यात बसलेला होता. तिथे त्याने पहिल्यांदा स्वच्छ कबुली दिली, साथीदार कोणी नव्हता हेही सांगितले, आणि ती २०२० च्या मे महिन्यात, घटनेला वीस वर्षे होत असताना, प्रसिद्ध झाली. त्या वेळी तो ४४ वर्षांचा होता. कधी कधी आपलेच छायाचित्र इंटरनेटवर दिसते आणि ते आवडत नाही, अशी त्याची तक्रार होती.